९४४ मिलीमीटरचे शून्य कसे होते?

कुर्ल्यात राहणाऱ्याला २६ जुलै २००५ या तारखेची आठवण करून द्यावी लागत नाही. विहार आणि पवई या तलावांच्या सांडव्याचे पाणी घेऊन निघणारी मिठी नदी साकीनाका, कुर्ला, धारावी असा प्रवास करत माहीमच्या खाडीला मिळते. त्या दिवशी ती आपल्या पात्रात मावली नाही. २७ जुलैच्या सकाळी साडेआठला संपलेल्या चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेने ९४४ मिलीमीटर पाऊस मोजला. त्याच चोवीस तासांत वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या कुलाबा वेधशाळेत मात्र ७३.४ मिलीमीटर पाऊस झाला. मुंबईत चारशेहून अधिक माणसे दगावली.

मुंबईच्या जुन्या पर्जन्यजलवाहिन्या ताशी २५ मिलीमीटर पाऊस वाहून नेतील अशा बेताने, तेही ओहोटीची वेळ धरून, बांधलेल्या होत्या. ही क्षमता ताशी ५० मिलीमीटरपर्यंत वाढवावी, अशी शिफारस ‘ब्रिमस्टोवॅड’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १९९३ च्या अहवालात झाली होती. नाला किती रुंद हवा, नदीकाठच्या क्रांतीनगरमधील वस्ती केव्हा हलवायची, अशा प्रश्नांची उत्तरे शेवटी एकाच ठिकाणी शोधावी लागतात, ती म्हणजे पावसाच्या जुन्या नोंदींत. या नोंदी आज संगणकाच्या फाइलींत आहेत. त्या वाचताना ९४४ चे शून्य होऊ शकते आणि संगणक त्याबद्दल चकार शब्दही काढत नाही. हे कसे घडते आणि ते कसे टाळायचे, एवढाच या लेखाचा विषय आहे.

फाइलमध्ये नेमके काय असते?

संगणकाच्या कोणत्याही फाइलमध्ये बाइट असतात. एक बाइट म्हणजे आठ बिट, म्हणजेच आठ वेळा ० किंवा १. आठ जागांवर ० आणि १ मांडण्याचे २५६ प्रकार होतात. म्हणून बाइटची किंमत ० ते २५५ यांपैकी काहीतरी असते. फाइलमध्ये याहून वेगळे काहीही नसते. हे बाइट म्हणजे चित्र आहे, गाणे आहे की पाऊस आहे, हे फाइलबाहेरच्या कराराने ठरते.

आकडे फाइलमध्ये ठेवण्याच्या दोन रीती आहेत. पहिली रीत मजकुराची. ‘९४४.०’ हे आपण कागदावर जसे लिहू तसे, एकेका चिन्हाला एक संकेतांक देऊन लिहायचे. ही फाइल कोणत्याही साध्या संपादकात उघडून डोळ्यांनी वाचता येते. दुसरी रीत द्विमान, म्हणजे बायनरी. संगणक स्वतःच्या स्मृतीत तो आकडा ज्या रूपात धरतो, त्याच रूपात तो फाइलमध्ये उतरवायचा. ही फाइल डोळ्यांनी वाचता येत नाही. उघडली तर पडद्यावर निरर्थक चिन्हांचा कचरा दिसतो.

मग दुसरी रीत वापरायची कशाला? कारण तीत प्रत्येक आकडा नेमकी तेवढीच जागा घेतो, ० असो की ९४४.२ असो. त्यामुळे हजारावा आकडा हवा असेल तर आधीचे ९९९ वाचत बसावे लागत नाही. तो कुठे आहे हे गुणाकाराने कळते आणि थेट तिथे उडी मारता येते. शिवाय मजकुराचे आकड्यात रूपांतर करण्याचा वेळही वाचतो.

पुण्याहून येणारी फाइल

उदाहरण खरेच घेऊ. भारतीय हवामान विभागाच्या पुणे येथील कार्यालयाने देशभरच्या पर्जन्यमापकांच्या नोंदींवरून रोजच्या पावसाचा एक चौकटीबद्ध संच तयार केला आहे. पै आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली ‘मौसम’ या नियतकालिकात त्याची पद्धत प्रसिद्ध केली. त्यासाठी ६,९५५ केंद्रांच्या नोंदी वापरल्या गेल्या आणि संच १९०१ सालापासून सुरू होतो. भारतावर पाव अंशाची जाळी टाकली आहे अशी कल्पना करा. दक्षिणोत्तर ६.५ ते ३८.५ अक्षांश, म्हणजे १२९ ओळी. पूर्व-पश्चिम ६६.५ ते १०० रेखांश, म्हणजे प्रत्येक ओळीत १३५ बिंदू. दर दिवशी प्रत्येक बिंदूला पावसाचा एक आकडा दिलेला असतो.

एका वर्षाची एक बायनरी फाइल. तिच्यात शीर्षक नाही, तारीख नाही, गावाचे नाव नाही, ‘मिलीमीटर’ हा शब्दही नाही. नुसते आकडे एकापाठोपाठ एक. पहिला आकडा १ जानेवारीचा, नैर्ऋत्य कोपऱ्यातील बिंदूचा. दुसरा त्याच्या पूर्वेकडच्या बिंदूचा. अशी एक ओळ संपली की तिच्या उत्तरेची ओळ, आणि १२९ ओळी संपल्या की २ जानेवारी.

आता हिशेब करू. १३५ × १२९ = १७,४१५ बिंदू. प्रत्येक आकड्याला ४ बाइट, म्हणून एका दिवसाला ६९,६६० बाइट. ३६५ दिवसांचे झाले २,५४,२५,९०० बाइट. २००५ सालच्या फाइलचा आकार नेमका एवढाच असला पाहिजे. लीप वर्षाची फाइल एका दिवसाने मोठी, म्हणजे २,५४,९५,५६० बाइटची.

यात कुर्ला कुठे सापडेल? कुर्ला साधारण १९.०७ उत्तर अक्षांश आणि ७२.८८ पूर्व रेखांशावर आहे. जवळची ओळ १९.० अक्षांशाची. रेखांशाच्या बाबतीत ते ७२.७५ आणि ७३.० या दोन बिंदूंच्या जवळजवळ मधोमध पडते. पहिला बिंदू समुद्रात, दुसरा नवी मुंबईत नेरूळच्या आसपास. आपण ७३.० घेऊ. १९.० पर्यंत पोहोचायला तळापासून ५० ओळी मागे टाकाव्या लागतात आणि ७३.० पर्यंत पोहोचायला त्या ओळीतले २६ बिंदू. म्हणजे त्या दिवसाच्या सुरुवातीपासून ५० × १३५ + २६ = ६,७७६ आकडे सोडायचे.

आणि दिवस कोणता? आपल्याकडे पावसाची नोंद सकाळी साडेआठला होते आणि ती त्या सकाळच्या तारखेला लिहिली जाते. म्हणून लोकांच्या आठवणीतला २६ जुलैचा पाऊस फाइलमध्ये २७ जुलैला आहे. २७ जुलै हा २००५ सालचा २०८ वा दिवस. त्याआधी २०७ दिवस सोडायचे, म्हणजे २०७ × ६९,६६० = १,४४,१९,६२० बाइट. त्यात ६,७७६ × ४ = २७,१०४ मिळवले की १,४४,४६,७२४. एवढे बाइट सोडले की पुढचे चार बाइट आपल्याला हवे आहेत.

इथे एक खुलासा करायला हवा. जाळीतला आकडा हा कोणा एका पर्जन्यमापकाचा आकडा नसतो. आसपासच्या केंद्रांच्या नोंदींना अंतरानुसार वजन देऊन तो काढलेला असतो. सांताक्रूझला ९४४ आणि कुलाब्याला ७३.४ अशी तफावत असताना जाळीत ९४४ जसेच्या तसे मिळेल अशी अपेक्षा करू नये. पुढे आपण ९४४ आणि ७३.४ हे आकडे केवळ बाइटांचे गणित समजण्यासाठी वापरणार आहोत.

एका आकड्याचे चार बाइट

पूर्णांकाचे रूप सोपे आहे. ९४४ = ३ × २५६ + १७६. म्हणून चार बाइटांत तो ०, ०, ३, १७६ असा लिहिता येतो. दशमान पद्धतीत जागा दहापटीने वाढते, इथे ती २५६ पटीने वाढते, एवढाच फरक.

पावसाचे आकडे मात्र दशांशात असतात. त्यांच्यासाठी आपण विज्ञानात वापरतो तीच युक्ती केली जाते. ६,३७१ किलोमीटर हे आपण ६.३७१ × १०³ असे लिहितो. संगणक दहाऐवजी दोनाचा घात वापरतो. ९४४ = १.८४३७५ × २⁹. यातील तीन गोष्टी साठवायच्या : चिन्ह (१ बिट), घातांक (८ बिट) आणि दशांशापुढचा भाग (२३ बिट). एकूण ३२ बिट, म्हणजे चार बाइट. घातांकात १२७ मिळवून तो लिहितात, म्हणून ९ च्या जागी १३६ येतात. हे सारे मांडून आठ-आठ बिटांचे गट केले की ९४४.० चे बाइट मिळतात : ६८, १०८, ०, ०.

हीच पद्धत जगभर आहे, पण ती कायम होती असे नाही. मुंबईतच टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली सुरू झालेल्या टिफ्रॅक या यंत्राचा ‘शब्द’ ४० बिटांचा होता, तर तिथेच १९६४ साली आलेल्या सीडीसी ३६०० चा ४८ बिटांचा. प्रत्येक यंत्राची आकडे लिहिण्याची तऱ्हा निराळी असे. विल्यम काहान आणि इतरांच्या प्रयत्नांतून १९८५ साली आयईईई ७५४ हे मानक आले, तेव्हा कुठे निरनिराळ्या कंपन्यांची यंत्रे एकाच पद्धतीने दशांश आकडे लिहू लागली.

आता पहिली चूक पाहू. ६८, १०८, ०, ० हे चार बाइट दशांश आकड्याचे आहेत हे न सांगता पूर्णांक म्हणून वाचले, तर उत्तर येते ११४ कोटी ७९ लाख २८ हजार ५७६. हेच बाइट, आकडा निराळा. ही चूक निदान लगेच लक्षात येते. एवढा पाऊस कुठेच पडत नाही!

आधी एकक की आधी दशक?

मराठी शाळेतल्या शिक्षकांना पुढचा मुद्दा इतरांपेक्षा लवकर समजेल. आपण ‘५२’ लिहिताना पाच आधी लिहितो, पण म्हणताना ‘बावन्न’ म्हणतो, म्हणजे दोन आधी आणि पन्नास मागून. इंग्रजीत मात्र ‘फिफ्टी टू’, पन्नास आधी. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पाठ्यपुस्तकात ‘पन्नास दोन’ असे म्हणण्याची पद्धत सुचवली गेली, तेव्हा महाराष्ट्रात केवढा वाद झाला होता! दोन्ही पद्धतींत संख्या एकच आहे. प्रश्न एवढाच की कोणता भाग आधी उच्चारायचा, आणि ऐकणाऱ्याला ते ठाऊक आहे का.

संगणकांतही अगदी हाच मतभेद आहे. चार बाइट स्मृतीत ठेवताना काही यंत्रे मोठ्या किमतीचा बाइट आधी ठेवतात. जुन्या सन स्पार्क, मोटोरोला ६८००० आणि आयबीएमच्या मोठ्या यंत्रांची ही रीत. इंटेलची यंत्रे लहान किमतीचा बाइट आधी ठेवतात. डॅनी कोहेन यांनी १ एप्रिल १९८० या तारखेच्या आपल्या निबंधात या दोन पंथांना ‘बिग-एंडियन’ आणि ‘लिटल-एंडियन’ अशी नावे दिली. ही नावे स्विफ्टच्या १७२६ सालच्या ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’ मधली आहेत. तिथे उकडलेले अंडे मोठ्या टोकाकडून फोडावे की लहान, यावरून लढाया होतात.

पुण्याची फाइल लिटल-एंडियन आहे. म्हणजे ९४४.० तिच्यात ०, ०, १०८, ६८ असा असेल. एखाद्या आज्ञावलीने तो बिग-एंडियन समजून वाचला तर काय होईल? पहिले दोन बाइट शून्य, म्हणजे घातांक शून्य, म्हणजे आकडा अतिशय लहान. उत्तर येते दशांश चिन्हापुढे चाळीस शून्ये आणि मग ३९. पडद्यावर छापताना त्याचे होते ०.०. महापुराचा पाऊस शून्य झाला!

आता कुलाब्याचे ७३.४ घ्या. त्याचे बाइट ६६, १४६, २०४, २०५. हे उलट वाचले तर उणे ४२ कोटी ९० लाख १७ हजार १५२ येतात. म्हणजे आडनिड्या दशांशाचा आकडा उलटा वाचला की आरडाओरडा करतो, पण पूर्ण आकडा उलटा वाचला की मुकाट शून्य होतो. यातच खरा धोका आहे. या फाइलमध्ये समुद्रावरच्या आणि शेजारच्या देशांतल्या बिंदूंसाठी ‘नोंद नाही’ या अर्थाने उणे ९९९ लिहिलेले असते. त्याचे बाइट १९६, १२१, १९२, ०. ते उलट वाचले की दशांश चिन्हापुढे ३७ शून्ये आणि मग १७७, म्हणजे छापताना पुन्हा ०.०. फाइलची सुरुवात नैर्ऋत्य कोपऱ्यातल्या समुद्रापासून होते. वाचणारा खात्रीसाठी पहिले दहा-वीस आकडे छापून पाहतो, सगळे ०.० दिसतात. ‘जानेवारी महिना, पाऊस कुठला?’ असे म्हणून तो समाधानाने पुढे जातो.

आजकालची घरातली बहुतेक यंत्रे आणि मोबाइल फोनही लिटल-एंडियनच चालतात. मग ही चूक होते कशी? कारण चूक यंत्रामुळे नव्हे, तर भाषेमुळेही होते. जावा या भाषेची नेहमीची बायनरी वाचनाची सोय कोणत्याही यंत्रावर बिग-एंडियनच वाचते. त्याच टेबलावरच्या त्याच संगणकावर सी भाषेतली आज्ञावली ९४४ वाचेल आणि जावातली ०.०.

ओळ आधी की स्तंभ आधी?

फाइलमध्ये आकडे एका लांब दोरीत असतात, नकाशा मात्र दोन मितींचा असतो. दोरी कुठे वळवायची, हे भाषेवर अवलंबून आहे. सी आणि पायथनच्या नेहमीच्या मांडणीत शेवटचा निर्देशांक वेगाने बदलतो. फॉरट्रान, मॅटलॅब आणि आर या भाषांत पहिला निर्देशांक वेगाने बदलतो. आपल्या फाइलमध्ये रेखांश वेगाने बदलतो. म्हणून फॉरट्रानमध्ये सारणी (१३५, १२९) अशी जाहीर करायची आणि सीमध्ये [१२९][१३५] अशी.

सीमध्ये कोणी फॉरट्रानची नक्कल करून [१३५][१२९] लिहिले आणि कुर्ल्यासाठी [२६][५०] मागितले, तर संगणक २६ × १२९ + ५० = ३,४०४ आकडे सोडून वाचेल. खऱ्या नकाशात ही जागा १२.७५ अक्षांश, ७३.७५ रेखांश आहे, म्हणजे मंगळूरच्या पश्चिमेला शंभराहून अधिक किलोमीटरवर, अरबी समुद्रात. कुर्ल्याचा पाऊस विचारला आणि समुद्राचे उणे ९९९ मिळाले.

मोजणीची सुरुवातही निराळी असते. फॉरट्रान, मॅटलॅब आणि आर एकापासून मोजतात, सी आणि पायथन शून्यापासून. त्यामुळे २७ जुलै एकीकडे २०८ वा, तर दुसरीकडे २०७ क्रमांकाचा. यातून एक गंमत होते. साडेआठचा नियम माहीत नसलेला माणूस २६ जुलै म्हणून २०७ वा दिवस काढतो आणि पायथनमध्ये एक वजा करायला विसरून २०७ च लिहितो. त्याला महापुराचा दिवस अचूक मिळतो! दोन चुकांनी एकमेकींना झाकले. पुढच्या वेळी दुसरा पाऊस शोधताना मात्र तो फसतो. योग्य उत्तर मिळाले म्हणून रीत योग्य ठरत नाही, हे आपण मुलांना भागाकार शिकवताना सांगतोच.

भाषांच्या खोड्या

निरनिराळ्या भाषांत वाचताना आणखी काही अडचणी येतात. त्यांतल्या नेहमीच्या अशा :

फॉरट्रान. या भाषेत बायनरी फाइल दोन प्रकारे लिहिली जाते. क्रमवार प्रकारात प्रत्येक नोंदीच्या आधी आणि नंतर तिची लांबी सांगणारे, बहुधा चार-चार बाइट लिहिले जातात. थेट प्रकारात ते नसतात. पुण्याची फाइल थेट प्रकारची आहे. ती क्रमवार असती तर दिवसाला आठ बाइट वाढून एकूण २,५४,२८,८२० बाइट झाले असते. अशी फाइल साध्या रीतीने वाचली तर दर दिवशी दोन आकड्यांची घसरण साठत जाते. २७ जुलैपर्यंत ती ४१५ आकड्यांची होते आणि कुर्ल्याच्या जागी पुन्हा अरबी समुद्र येतो. दुसरी खोडी नोंदीच्या लांबीची. काही अनुवादक आज्ञावल्या ही लांबी बाइटमध्ये मानतात, तर इंटेलची फॉरट्रान मुळात चार-बाइटांच्या एककात. लांबी चौपट धरली गेली तर दुसरी नोंद म्हणून २ जानेवारीऐवजी ५ जानेवारीचा पाऊस समोर येतो.

सी. विंडोजवर फाइल उघडताना ‘बायनरी’ असे स्पष्ट सांगावे लागते. नाहीतर ती मजकूर समजली जाते. मग २६ किमतीचा बाइट दिसला की ‘फाइल संपली’ असा अर्थ घेतला जातो आणि १३ व १० हे बाइट लागोपाठ आले तर त्यांचा एकच बाइट होतो. पावसाच्या आकड्यांत २६ हा बाइट केव्हाही येऊ शकतो, तो काही शेवट नव्हे.

आर आणि मॅटलॅब. आरमध्ये दशांश आकडा मुळात आठ बाइटांचा असतो. चारच बाइट वाचायचे आहेत असे सांगावे लागते, नाहीतर दोन-दोन आकड्यांचा मिळून एक बनावट आकडा तयार होतो. मॅटलॅबला काहीच सांगितले नाही तर ती एकेक बाइट स्वतंत्र आकडा म्हणून वाचते.

पायथन. इथे आकड्याचा प्रकार, त्याची लांबी आणि बाइटांचा क्रम हे सारे एका छोट्या संकेताने सांगता येते. क्रम सांगितला नाही तर यंत्राचा स्वतःचा क्रम धरला जातो. म्हणून तो नेहमी स्पष्ट लिहावा.

‘नोंद नाही’ हाही एक आकडा

उणे ९९९ न वगळता सरासरी काढली तर पाऊस उणे येतो. निदान चूक कळते. हवामान विभागाच्या एक अंशाच्या तापमान-संचात मात्र ‘नोंद नाही’ यासाठी ९९.९ हा आकडा आहे. तो सरासरीत मिसळला तर तापमान गुपचूप वाढते. त्यात भर म्हणजे ९९.९ हा आकडा द्विमान पद्धतीत नेमका लिहिता येत नाही. चार बाइटांत त्याचा होतो ९९.९००००१५..., आणि आठ बाइटांत गणित करणारी भाषा म्हणते, ‘हा ९९.९ नव्हे.’ म्हणून अशा ठिकाणी बरोबरीची परीक्षा करू नये. ‘९९ पेक्षा मोठा असेल तर वगळ’ किंवा ‘उणे ९०० पेक्षा लहान असेल तर वगळ’ अशी करावी.

वाचण्याआधी विचारायचे प्रश्न

१. फाइलचा आकार आपल्या गुणाकाराशी अगदी एका बाइटपर्यंत जुळतो का?
२. आकडे पूर्णांक आहेत की दशांश, आणि प्रत्येकाला किती बाइट?
३. मोठा बाइट आधी की लहान?
४. नोंदींच्या मागे-पुढे जादा बाइट आहेत का?
५. कोणता निर्देशांक वेगाने बदलतो, आणि सुरुवात कोणत्या कोपऱ्यातून?
६. ‘नोंद नाही’ साठी कोणता आकडा, आणि दिवस केव्हा सुरू होतो?
७. ज्याचे उत्तर आधीच ठाऊक आहे असा एक दिवस वाचून पाहिला का?

सातवा प्रश्न सर्वांत मोलाचा. जानेवारीचा पहिला दिवस वाचून काही कळत नाही. जुलैचा वाचावा. २७ जुलै २००५ ला मुंबईच्या आसपास प्रचंड पाऊस दिसत नसेल, किंवा समुद्रावर उणे ९९९ ऐवजी ०.० दिसत असतील, तर आज्ञावली चुकली असे खुशाल समजावे. पाऊस चुकलेला नाही.

या प्रश्नांची उत्तरे फाइलमध्येच लिहून ठेवणाऱ्या रचनाही आहेत. नेटसीडीएफ ही त्यांतली एक. तिच्यात मापाचे एकक, अक्षांश-रेखांश आणि ‘नोंद नाही’ चा आकडा हे सारे सोबत असते. तिच्या मूळ रूपात बाइटांचा क्रम यंत्र कोणतेही असो, बिग-एंडियनच ठरलेला आहे आणि उलटापालट वाचणारी आज्ञावलीच करते. हवामान विभाग पावसाचा हा संच या रूपातही देतो. नव्याने काम सुरू करणाऱ्याने तेच घ्यावे. पण जुन्या फिती, उपकरणांतून थेट आलेल्या नोंदी, कोणीतरी वीस वर्षांपूर्वी लिहून ठेवलेल्या फाइली यांची गाठ पडायची ती पडतेच.

वर्गात करून पाहा

यासाठी संगणक लागत नाही. चार मुलांना पुढे बोलवा आणि हातात ०, ०, ३, १७६ अशी पत्रे द्या. वर्गाला सांगा, उजवीकडचे पत्र एककाचे, त्याच्या डावीकडचे २५६ चे, त्यापुढचे २५६ × २५६ चे. उत्तर ९४४. आता पत्रे न बदलता दुसऱ्या गटाला डावीकडून एकक मोजायला सांगा. १७६ × २५६ × २५६ × २५६ + ३ × २५६ × २५६ असा गुणाकार होतो आणि उत्तर येते २९५ कोटी २९ लाख ८६ हजार ६२४. चार मुले तीच, पत्रेही तीच, फक्त करार वेगळा.

मोठ्या वर्गाला दुसरा खेळ देता येईल. चौकटींच्या कागदावर तीन ओळी आणि पाच स्तंभांत एक अक्षर काढा, भरलेल्या घराला १ आणि रिकाम्या घराला ०. ते पंधरा अंक एका ओळीत लिहून शेजारच्या गटाला द्या, पण मांडणी सांगू नका. पाच ओळी आणि तीन स्तंभ धरून कोणी ते पुन्हा मांडले की अक्षराचा विचका होतो. मग मुलांनाच विचारा, चिठ्ठीवर आणखी काय लिहायला हवे होते?

शाळेत पर्जन्यमापक असेल आणि त्याची वही ठेवली जात असेल, तर हीच सवय तिथेही लावावी. वहीच्या पहिल्या पानावर मापाचे एकक, नोंदीची वेळ, पाऊस कोणत्या तारखेला मांडला आणि मोजणी राहिलेल्या दिवशी काय लिहिले, हे स्पष्ट लिहावे. मोजलेला शून्य पाऊस आणि न मोजलेला दिवस या दोन निराळ्या गोष्टी आहेत. रिकामी जागा शून्याने भरू नये. आकडे जपणारे पुष्कळ असतात, त्यांचा अर्थ सांगणारे पहिले पान जपणारे थोडे. ते पान हरवले की उरलेल्या वहीतून मिठीला येणाऱ्या पुराचा अंदाज कोणालाच करता येणार नाही.